कोल्हापूरहून वीकेंडला सिंधुदुर्गच्या बेटावर जाताय? मग घड्याळ समुद्राचं लावा

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की कोल्हापुरातल्या कॉलेज ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "चला, मालवण." शनिवारी पहाटे निघायचं, सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, मासे हाणायचे, तारकर्लीच्या पाण्यात खेळायचं आणि रविवारी रात्रीपर्यंत घरी. दोन दिवस, एक बेट आणि भरपूर फोटो.

प्लॅन सोपा आहे, तरी बऱ्याचदा फसतो. कुणी मे महिन्याच्या अगदी शेवटी जातं आणि जेटीवर कळतं की किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या. कुणी जुलैत जाऊन ताज्या सुरमईचा हट्ट धरतं. कुणी भर दुपारी स्नॉर्कलिंगला उतरतं आणि लाटांपुढं हात टेकतं. हे झालं पैशांचं नुकसान. काही सहली याहून फार वाईट संपल्या आहेत. १५ एप्रिल २०१७ ला, तोही शनिवारच होता, बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले ८ जण मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. आपण ट्रिप आखतो कोल्हापूरच्या घड्याळावर आणि तिकडं सगळं चालतं समुद्राच्या घड्याळावर. होडी सुटणार की नाही, ताटात काय पडणार, कुठल्या वाळूत चालता येणार आणि कुठल्या पाण्यात पाय टाकायचा नाही, हे तो ठरवतो. ते घड्याळ वाचायला अवघड नाही. कसं वाचायचं, तेच समजून घेऊ.

बेट नेमकं आहे कुठं?

मालवणच्या जेटीवर उभं राहिलं की समोर पाण्यातच तटबंदी दिसते. ते कुरटे बेट. किनाऱ्यापासून अंतर एक किलोमीटरही नाही. होडीनं दहा-पंधरा मिनिटं लागतात.

जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि व्यापाराच्या नावाखाली हातपाय पसरणारे इंग्रज, या सगळ्यांवर नजर ठेवायला शिवाजी महाराजांना समुद्रात भक्कम ठाणं हवं होतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याचा मुहूर्त झाला. किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी पूजा झाली तो 'मोरयाचा धोंडा' आजही दाखवतात. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडं होती आणि १६६७ मध्ये काम पूर्ण झालं.

किल्ल्याचं क्षेत्र सुमारे ४८ एकर. तट साधारण ३० फूट उंच आणि १२ फूट जाड, नागमोडी वळणं घेत जाणारा, चाळीसहून जास्त बुरुजांचा. पायाच्या दगडांमध्ये शिसं ओतून ते पक्के केले, म्हणूनच साडेतीनशे पावसाळे झेलूनही तट उभा आहे.

बेटाभोवती पाण्याखाली खडकांचं जाळं आहे. भरतीला ते दिसत नाहीत, ओहोटीला डोकं वर काढतात. परक्या जहाजाला किल्ल्याजवळ येणं अवघड व्हावं म्हणून हीच जागा निवडली गेली. आजही या खडकांमधून वाट काढायची ती इथल्या तांडेलांनीच. म्हणून किल्ल्यावर जाताना अधिकृत होडी सोडून दुसरा कुठलाही शॉर्टकट शोधू नका.

हा किल्ला कोल्हापूरचाच होता

कोल्हापूरकरांसाठी हे बेट म्हणजे निव्वळ 'कोकणातला पॉइंट' नाही. शंभरहून जास्त वर्षांचा संबंध आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटून आले आणि छत्रपतींच्या दोन गाद्या झाल्या, एक सातारची आणि दुसरी ताराराणींनी उभी केलेली करवीरची. १७३१ च्या वारणेच्या तहानं दोघांचे मुलूख वाटले गेले आणि दक्षिणेकडचा भाग करवीरकडं राहिला. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीरच्या छत्रपतींच्या ताब्यात होते. आज समुद्रापासून शंभर किलोमीटर आत असलेल्या कोल्हापूरला तेव्हा स्वतःचं बंदर होतं आणि आरमारही होतं.

हे आरमार इंग्रजांच्या व्यापारी जहाजांना चांगलंच नडायचं. म्हणून १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. पण किल्ला सांभाळणं त्यांना परवडेना. शेवटी पावणेचार लाखांहून जास्त रुपयांची बोली आणि व्यापाराला त्रास न देण्याचं वचन घेऊन त्यांनी तो करवीरला परत दिला. तेव्हा करवीरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या.

मग १८१२ चा तह झाला. करवीर राज्यानं मालवण बंदरासह सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट इंग्रजांना दिले. बदल्यात बाहेरच्या हल्ल्यांपासून संरक्षणाची हमी मिळाली. कोल्हापूरचा समुद्र तिथं संपला.

आता एक नवा धागा जुळला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात आपला पन्हाळा आहे आणि सिंधुदुर्गही आहे. एक डोंगरावरचा, दुसरा समुद्रातला. दोन्ही पाहिल्याशिवाय मराठ्यांनी किल्ले बांधताना जमिनीचा आणि पाण्याचा विचार कसा केला, ते पुरतं कळत नाही.

जायचं कसं आणि कधी?

कोल्हापूर ते मालवण अंतर घाटानुसार साधारण १५० ते १६० किलोमीटर. दोन वाटा जास्त वापरात आहेत. एक राधानगरी, दाजीपूरवरून फोंडाघाट उतरून कणकवली. दुसरी गगनबावड्यावरून करूळ घाटानं वैभववाडी, तळेरे आणि कणकवली. पुढं कसालवरून मालवण. गाडीनं चार-साडेचार तास धरा. घाटात दरडी आणि दुरुस्तीची कामं असतात, म्हणून निघण्याआधी कुठला घाट चालू आहे ते विचारूनच निघा.

रेल्वेचा विचार सोडा. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, पण त्यावर गाडी धावत नाही. विद्यार्थ्यांच्या खिशाला एसटीच बरी. त्यात मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं ग्रुपमध्ये मुली असतील तर खर्च आणखी उतरतो. रात्री घाटातून स्वतः गाडी हाणण्यापेक्षा एसटीत झोप काढणं केव्हाही शहाणपणाचं.

आता समुद्राच्या घड्याळाचा पहिला काटा, महिना. किल्ल्याची प्रवासी होडी आणि जलक्रीडा साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. कारण सरळ आहे. नैऋत्येकडून येणारा मोसमी वारा समुद्र खवळवतो आणि उथळ, खडकाळ पाण्यात छोट्या होडीला तो धोक्याचा असतो. २४ मे २०२२ ला, म्हणजे हंगाम बंद व्हायच्या तोंडावर, तारकर्लीत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा हंगाम अजून दोन दिवस चालू आहे म्हणून समुद्र शांतच असेल, असं धरून चालू नका. बंदरावर धोक्याचा बावटा लागला, तर त्या दिवशी होडी नाही. तिकिटावरून हुज्जत घालून उपयोग नाही.

सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. समुद्र शांत, पाणी स्वच्छ आणि ऊन सोसण्यासारखं.

भरती-ओहोटी: हे गणित एकदा समजून घ्या

दुसरा काटा, दिवसातली वेळ. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळं आज सकाळी ११ ला भरती असेल तर उद्या ती ११.५० च्या सुमाराला येणार. रोज जवळपास ५० मिनिटं उशीर.

असं का? भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीनं होते. पृथ्वी एक फेरी पूर्ण करेपर्यंत चंद्रही थोडा पुढं सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी ५० मिनिटं फिरावं लागतं.

कोळी लोकांचा जुना हिशेब याच्यावरच उभा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अंदाज येतो. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती. प्रत्येक तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं. वरच्या ५० मिनिटांच्या किती जवळ आहे पाहा! अर्थात हा मुंबईकडचा ढोबळ अंदाज आहे आणि बंदरागणिक वेळ बदलते. त्यामुळं पाण्यात उतरायचं असेल तेव्हा मोबाईलवर मालवणची भरतीची वेळ पाहा, किंवा सरळ होडीवाल्या काकांना विचारा.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सगळ्यात मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, त्याला भांग म्हणतात. उधाणाला मालवणकडं पाण्याची पातळी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होते. दोन मीटर म्हणजे उंच माणूस पूर्ण बुडेल इतकं पाणी. सकाळी जिथं वाळू होती तिथं दुपारी हे असू शकतं.

याची दोन उदाहरणं मालवणातच आहेत.

पहिलं, पद्मगड. सिंधुदुर्गच्या बाजूचा हा छोटा किल्ला. पूर्ण ओहोटी असली की दांडीच्या किनाऱ्यावरून तिथं चालत जाता येतं. पण भरती सुरू झाली की तीच वाट पाण्याखाली जाते. फोटोच्या नादात उशीर केला तर अडकलात. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी निघा आणि पाणी फिरलं की लगेच परता, आणि तेही स्थानिक माणूस बरोबर असेल तरच.

दुसरं, देवबागचं 'त्सुनामी आयलंड'. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं वाळूचा हा पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं स्थानिक सांगतात. ओहोटीला त्यावर पाय ठेवता येतो, भरतीला त्याचा बराच भाग पाण्यात जातो. म्हणजे दुसऱ्याच्या रीलमध्ये दिसलेलं 'आयलंड' तुम्ही पोहोचाल तेव्हा तिथं असेलच असं नाही. ते पाहायचं तर ओहोटी गाठायची.

किल्ल्यावर वेळ थोडा, मग पाहायचं काय?

होडी तुम्हाला सोडते आणि परतीसाठी साधारण तासाभराची वेळ देते. ४८ एकरांसाठी हा वेळ तोकडा आहे. म्हणून क्रम ठरवून घ्या.

सुरुवात दरवाज्यापासून. होडीतून उतरेपर्यंत दरवाजा नीट दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणाआड तो लपवलेला आहे. तोफेचा गोळा थेट दारावर बसू नये, ही त्यामागची अक्कल. आत शिरल्यावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे शिवाजी महाराजांचे म्हणून जतन केलेले दिसतील.

मग शिवराजेश्वर मंदिर. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातलं हे देऊळ, खुद्द शिवाजी महाराजांचं. इथली मूर्ती आपल्या नेहमीच्या चित्रांसारखी नाही. चेहऱ्यावर दाढी नाही आणि डोक्यावरची टोपी कोळ्याच्या टोपीची आठवण करून देते. चपला बाहेर काढा आणि दोन मिनिटं शांत उभे राहा. इथं रोजची पूजा होते, हे पर्यटनाचं प्रदर्शन नव्हे.

तिसरी जागा, तटाच्या आत असलेली छोटी वाळूची पुळण, 'राणीची वेळा'. ताराराणी इथं स्नानाला येत असं सांगतात. कोल्हापुरात कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणींचा पुतळा रोज पाहणाऱ्यांनी ही जागा चुकवू नये.

आणि एक लक्षात ठेवा, किल्ल्यात काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्या अंगणात ड्रोन उडवण्याआधी विचारा. कोकम सरबत, शहाळं, थोडंफार खाणं त्यांच्याकडंच मिळतं. प्यायला पाणी घ्या, पण रिकामी बाटली परत होडीतून घेऊन या. बेटावरून कचरा उचलून न्यायला महापालिकेची गाडी येत नाही.

चारी बाजूंनी खारं पाणी, मग विहिरी गोड कशा?

किल्ल्यात तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावांतच चव आहे. समुद्राच्या मधोमध गोड पाणी हा गाईडचा आवडता 'चमत्कार'. पण यामागं सरळ विज्ञान आहे.

बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. खाली फटींमधून आलेलं समुद्राचं पाणी असतं. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पाण्यावर तेलाचा तवंग राहावा तसा. फरक इतकाच की दोन्ही पाणीच आहेत, म्हणून सावकाश मिसळू शकतात. या थरात विहीर खणली आणि बेताची खणली, की गोड पाणी मिळतं. जास्त खोल गेलात किंवा अति उपसा केलात, की खालचं खारं पाणी वर चढतं.

हिशेब करून पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. ४८ एकरांवर तो पडला तर सुमारे ५८ कोटी लिटर पाणी होतं. यातलं बरंच वाहून समुद्रात जातं. थोडंसं मुरलं तरी शिबंदीची तहान भागू शकते. शत्रूनं वेढा दिला तरी पाण्यावाचून किल्ला पडू नये, ही सोय जागा निवडतानाच पाहिली गेली. चमत्कारापेक्षा ही दूरदृष्टी जास्त मोठी वाटते.

ताटात काय मागायचं?

कोल्हापूरकराची जीभ तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेली. मालवणात पहिल्यांदा जेवणारा म्हणतो, "तिखट कुठाय?" जरा थांबा. कोल्हापुरात झणका कांदा-लसूण चटणीचा असतो. मालवणी कालवणात जोर ओल्या खोबऱ्याचा, कोकमाच्या आंबटपणाचा आणि भाजलेल्या मालवणी मसाल्याचा. हा मसाला पहिल्या घासाला भिडत नाही, मागाहून चढतो.

बांगड्याच्या तिखल्यात किंवा कढीत एक गोष्ट शोधा, तिरफळ. काळपट, चुरगळल्यासारखी छोटी फळं. चावलं तर जीभ झिणझिणते. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी याच वनस्पती-कुळातली. तिरफळ चवीपुरतं, ते बाजूला काढायचं, खायचं नाही. हे ग्रुपमधल्या नवख्याला आधी सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

सोलकढी म्हणजे नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ, वर लसूण-मिरचीचा ठेचा. मासळीच्या जेवणानंतर पोट शांत करणारी. पण बाटलीतली गडद गुलाबी सोलकढी पाहून हुरळून जाऊ नका, घरगुती सोलकढीचा रंग फिका असतो.

मासे न खाणाऱ्यांचीही चंगळ आहे. काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, आंबोळ्या, आणि मिळालेच तर शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात. चिकनवाल्यांना कोंबडी-वडे. घरी न्यायला आलं-गुळाचं मालवणी खाजं.

आता ताटातलं समुद्राचं घड्याळ. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा अनेक माशांचा विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत 'ताजी सुरमई' समोर आली तर ती बर्फातली किंवा लांबून आलेली असण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा खाडीचे मासे, तिसऱ्या किंवा सुका बांगडा, सुकट मागा. पावसाळ्यात मालवणी घरांतही तेच शिजतं.

हंगामात विद्यार्थ्यांना एक सल्ला, सुरमई-पापलेटच्या मागं न लागता बांगड्याची थाळी घ्या. सुरमई-पापलेटला मोठ्या शहरांतून मागणी असते, म्हणून भाव चढा. बांगडा लवकर वाढतो, किनाऱ्याजवळ मिळतो आणि खिशाला झेपतो. आणि मोठा मासा 'साइजप्रमाणे' असेल तर तळायला टाकण्याआधी भाव विचारा. मालवणात भांडणं होतात ती चवीवरून नाही, बिलावरून.

मासा कुठून येतो ते पाहायचं असेल तर भल्या पहाटे किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण दिसेल. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, मग किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं दोर ओढत राहतात. मिळालेल्या मासळीची वाटणी सगळ्यांत होते. प्रखर एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारनं २०१७ मध्ये बंदी घातली, पण बेकायदा मासेमारीविरोधात इथल्या पारंपरिक मच्छीमारांना आजही आंदोलनं करावी लागतात. कारण समुद्रातून मासा आधीच उपसला गेला, तर रापणीच्या जाळ्यात उरतं काय? इथली अनेक घरं आता पर्यटकांच्या होड्यांवर आणि खाणावळींवर चालतात. तुमच्या थाळीचे पैसे म्हणून इथं महत्त्वाचे आहेत.

पाण्याखाली काय आहे आणि तिथं कसं वागायचं?

मालवणचा समुद्र साधा नाही. १९८७ मध्ये इथं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो लहान जिवांची वसाहत असतो आणि अतिशय सावकाश वाढतो. स्नॉर्कलिंग करताना दमून तुम्ही त्यावर उभे राहिलात, तर कित्येक वर्षांची वाढ एका पायाखाली जाते. तुकडा खिशात घालणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मासे जमवायला पाव टाकणारा कुणी असेल तर त्याला नको म्हणा. माशांची सवय बिघडते आणि पाणीही खराब होतं.

वेळ सकाळचीच घ्या. दुपारी जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो, पाणी हलतं आणि तळाची वाळू उठते. सकाळी जे स्वच्छ दिसतं ते दुपारी दिसत नाही.

कोल्हापूरकरांसाठी एक खास मुद्दा. स्कूबा शनिवारी करा, रविवारी नको. डाइव्हिंगनंतर शरीरात जादा नायट्रोजन विरघळलेला असतो आणि उंचीवर गेल्यावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास विमानप्रवास टाळा, असा नियम आहे. घाट विमानाइतका उंच नसतो आणि पर्यटकांचं डाइव्ह उथळ, थोडा वेळ असतं, त्यामुळं धोका कमी. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि घाटमाथा त्याहून वर. एक रात्र मध्ये गेली की हा प्रश्नच उरत नाही.

सर्दी, कान दुखणं, दमा असेल तर स्कूबा टाळा आणि आदल्या रात्रीची पार्टीही.

वाळू शांत दिसते, तिथंच फसगत होते

कोल्हापूरची पोरं रंकाळ्यात, पंचगंगेत, विहिरीत पोहायला शिकलेली. "मला पोहता येतं" हा त्यांचा भरवसा. पण नदीचं पोहणं समुद्रात पुरत नाही.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरानं आत ओढलं जातं. गंमत म्हणजे त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा सगळ्यात शांत वाटते आणि तो तिथंच उतरतो. या ओढीविरुद्ध किनाऱ्याकडं पोहणारा चांगला पोहणाराही दमतो.

अडकलात तर करायचं असं: घाबरून हातपाय मारू नका. अंग सैल सोडून तरंगत राहा, हात वर करून हाक मारा. ओढीच्या विरुद्ध न जाता किनाऱ्याला समांतर पोहा. हा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो, बाजूला सरकलात की ओढ संपते. मग तिरकं किनाऱ्याकडं या.

आणि मित्र बुडताना दिसला तर रिकाम्या हातानं उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे जीव जातात. दोर, रिकामा कॅन, लाइफ जॅकेट, जे तरंगतं ते फेका आणि ओरडून स्थानिकांना बोलवा. ११२ लावा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

बाकी नियम चारच. स्थानिकांनी नको सांगितलेल्या जागी उतरायचं नाही. कमरेच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. दारू प्यायलेल्यानं पाण्यात जायचं नाही. आणि होडीत लाइफ जॅकेट फोटोसाठी काढायचं नाही. जॅकेटचे पट्टे तुटलेले असतील किंवा माणसं जास्त भरली असतील तर ती होडी सोडून द्या. दुसरी येते.

मग दोन दिवस कसे बसवायचे?

शुक्रवारी रात्रीच भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवा. शनिवारी भल्या पहाटे निघा, म्हणजे सकाळी नऊ-साडेनऊला मालवण. स्नॉर्कलिंग किंवा स्कूबा आधी उरका, वारा सुटायच्या आत. दुपारी जेवण आणि आराम. संध्याकाळी जेटीवर मासळीचा लिलाव पाहा, मग राजकोट. तिथं २०२३ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला होता, आता त्याच जागी नवा पुतळा आहे.

रविवारी पहाटे किनाऱ्यावर रापण, मग पहिल्या होड्यांमध्ये किल्ला. सकाळी गर्दी कमी आणि समुद्र नरम. ओहोटी सोयीच्या वेळेला असेल तरच देवबाग किंवा पद्मगड, नसेल तर हट्ट नको. बांगड्याची थाळी खाऊन दुपारी दोनपर्यंत निघा, म्हणजे घाट उजेडात चढून होतो.

यात काही हुकलं तरी बिघडत नाही. वारा सुटला, होडी बंद झाली, वाळूचं बेट पाण्याखाली गेलं, तर समजा की त्या दिवशी समुद्राला सुट्टी द्यायची नव्हती. किल्ला साडेतीनशे वर्षं तिथंच आहे, पुढच्या सुट्टीतही असेल. ग्रुपमधले जेवढे गेले तेवढे परत आले, की ट्रिप जमली.